प्रसारण संस्थेतील धोरण आणि दैनंदिन कारभार

उज्जैनच्या सिंहस्थात ५ मे २०१६ रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले आणि किमान सात जणांचा मृत्यू झाला. अशा घटकेला सार्वजनिक प्रसारण संस्थेने काय सांगावे, किती लवकर सांगावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न केवळ कार्यालयीन शिस्तीचा राहत नाही. ज्यांचे आप्त मेळ्यास गेले आहेत अशा प्रत्येक घराचा तो प्रश्न असतो.

माळव्यात आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले. त्या काळी आकाशवाणी केंद्र शासनाच्या थेट नियंत्रणाखाली होती. तिला स्वायत्तता द्यावी, अशी शिफारस वर्गीज समितीने १९७८ मध्ये केली. पुढे प्रसार भारती अधिनियम १९९० मध्ये संमत झाला आणि १९९७ मध्ये अंमलात आला. आकाशवाणी व दूरदर्शन ही दोन्ही माध्यमे या महामंडळाकडे आली.

मंडळ आणि कार्यकारी अधिकारी

अधिनियमानुसार महामंडळाचा सर्वसाधारण कारभार मंडळाच्या हाती आहे. अध्यक्ष अंशकालिक असतात. कार्यकारी सदस्य हे महामंडळाचे मुख्य कार्यकारी अधिकारी होत. मंडळाच्या देखरेखीखाली, मंडळाने सोपविलेले अधिकार ते वापरतात. याचा अर्थ असा की, दिशा ठरविणे आणि ठरल्याप्रमाणे काम झाले की नाही हे पाहणे मंडळाचे कर्तव्य आहे. काम करणे व करवून घेणे कार्यकारी यंत्रणेचे.

उज्जैनचेच उदाहरण घेऊ. माळवीसारख्या बोलीस किती स्थान द्यावे, दुर्घटनेच्या वार्तेची खातरजमा कोणत्या कसोटीवर करावी, हे धोरणाचे विषय होत. रामघाटावर कोणता निवेदक पाठवावा, नियोजित कार्यक्रम थांबवून वार्ता केव्हा द्यावी, हे दैनंदिन कारभाराचे. मंडळाचे सदस्य निवेदकांच्या नेमणुकांत लक्ष घालू लागले, तर चुकीचा जाब कोणास विचारावा हेच कळत नाही. उलट, धोरण आधी ठरलेले नसेल, तर केंद्रावरील अधिकारी वरच्या आदेशाची वाट पाहत बसतो आणि तेवढ्या वेळात अफवा गावभर पसरते.

शासनाचा अधिकार व त्याची मर्यादा

देशाची सार्वभौमता, एकता, सुरक्षितता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या हितासाठी केंद्र शासन महामंडळास निदेश देऊ शकते. मात्र निदेशानुसार केलेले प्रसारण तसे असल्याचे महामंडळास जाहीर करता येते आणि निदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. आज्ञा कोणाची, हे झाकून राहू नये, हा यामागील हेतू होय. तथापि महामंडळाच्या खर्चाचा मोठा भाग शासकीय अनुदानातून भागतो, ही गोष्ट स्वायत्ततेचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही.

मुक्त, सत्य व वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या नागरिकांच्या हक्काचे रक्षण हे महामंडळाचे उद्दिष्ट अधिनियमातच नमूद आहे. धोरण शांत काळात विचारपूर्वक ठरावे आणि संकटकाळी केंद्रावरील अधिकाऱ्यास त्याच्या आधारे निर्णय घेता यावा, यासाठीच ही विभागणी आहे.