63,001 व्या स्थानावरची मूळ संख्या

आजचा भाग ओरत्तनाडूहून. तंजावरच्या दक्षिणेचं हे गाव. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावानं बांधलेलं छत्र इथं आहे, म्हणून मराठी माणसाची पावलं इकडे वळतात. इथून तंजावर ओलांडून पुढे गेलं की कुंभकोणम लागतं. श्रीनिवास रामानुजन तिथं वाढले. त्यांच्या गणितातून पुढे आलेल्या एका मूळ संख्येची आज ओळख करून घेऊ:

80561663527802406257321747

26 अंक. 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. पण तिचं महत्त्व आकारात नाही, ती सापडली त्या जागेत आहे.

रामानुजन यांनी 1916 मध्ये एक मालिका मांडली. कृती सोपी आहे. क्ष घ्या. त्याला (1 − क्ष) ने 24 वेळा गुणा, मग (1 − क्षचा वर्ग) ने 24 वेळा, मग (1 − क्षचा घन) ने 24 वेळा, असंच पुढे. उत्तरातले सहगुणक क्रमानं लिहा: 1, −24, 252, −1472, 4830, −6048… यांना टाउ म्हणतात.

आता गंमत पाहा. दुसरी संख्या −24, तिसरी 252. त्यांचा गुणाकार −6048, म्हणजे नेमकी सहावी! दोन स्थानक्रमांकांत 1 शिवाय सामाईक अवयव नसेल, तर हे नेहमी घडतं. रामानुजन यांना ते आकड्यांवरून दिसलं. सिद्धता 1917 मध्ये लुई मॉर्डेल यांनी दिली.

चिन्ह सोडून दिलं, तर या यादीत मूळ संख्या येते का? शोधायचं कुठं, हे नियमच सांगतात. टाउ विषम येतो तो फक्त विषम वर्गसंख्येच्या स्थानी. शिवाय वरच्या गुणाकारामुळे ते स्थान एकाच मूळ संख्येचा घात असावं लागतं. 63,001 पर्यंत अशी स्थानं फक्त 62. त्यातली आधीची 61 कोरडी गेली. शेवटच्या स्थानी, म्हणजे 251 च्या वर्गाशी, वरची संख्या उभी आहे, ऋण चिन्हासह. डी. एच. लेमर यांनी ती 1965 मध्ये दाखवली.

पहिली 63,000 पदं तपासून कुणी ‘इथं मूळ संख्या नाहीत’ असं म्हटलं असतं, तर ते चूक ठरलं असतं. गस्तीवरून परतलेल्या जवानाला आम्ही हेच विचारायचो: काही दिसलं नाही, की काही नव्हतं? दोन्ही अहवाल वेगळे.

याच लेमर यांनी 1947 मध्ये विचारलं होतं: टाउ कधी शून्य होतो का? संगणकांनी प्रचंड मजल मारली, शून्य सापडलं नाही. पण सिद्धता नाही, म्हणून प्रश्न अजून उघडाच आहे.

जाता जाता घरचा अभ्यास. दुसऱ्या आणि पाचव्या संख्येवरून मुलांना दहावी काढायला सांगा. उत्तर −115920 आलं पाहिजे. भेटू पुढच्या भागात.