चार रुपये गेले कुठे?

आमच्या पंचवटीतल्या बचत गटात आम्ही बारा जणी. गेल्या वर्षी वही बंद करून सगळा हिशेब संगणकावर घेतला. दरमहा अकराशे रुपये व्याज बारा जणींत वाटायचं. संगणकाने छापून दिलं : प्रत्येकी ९२, एकूण ११००. खजिनदारबाईंनी त्याप्रमाणे पैसे हातात ठेवले. वर्षअखेर पेटीत अठ्ठेचाळीस रुपये कमी! 'संगणक कसा चुकेल?' असं कुणीतरी बोललंच. मग चुकलं कोण, ते न बोलताही सगळ्यांना कळलं. बिचारीने पर्समधून पन्नासची नोट काढून ठेवली आणि काम सोडते म्हणाली.

मला राहवेना. अर्धवेळ का होईना, मी गणिताची बाई! कागदावर ९२ गुणिले १२ केलं, तर ११०४. अहो, दर महिन्याला चार रुपये जास्तच वाटले जात होते. अकराशे भागिले बारा म्हणजे ९१.६६६... संगणक हा लांबलचक आकडा मनात धरून बेरीज करायचा आणि आपल्याला मात्र ९२ दाखवायचा.

माझा भाचा संगणकाचंच काम करतो. तो म्हणाला, ''मावशी, हे तर काहीच नाही.'' आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, तीनावर तीन येतच राहतात. तसा संगणकाला एक दशांश पुरा लिहिता येत नाही, कारण त्याची मोजणी शून्य आणि एक या दोनच अंकांत. जागेत मावेल तेवढं ठेवतो, उरलेलं सोडतो. सोडलेलं इतकं बारीक की जन्मात दिसू नये. पण २५ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धाहरानला ते दिसलं. इराकची स्कड क्षेपणास्त्रं अडवायला अमेरिकेने तिथे पेट्रियट यंत्रणा ठेवली होती. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. ती शंभर तास सलग चालू राहिली आणि तेवढ्यात थेंबे थेंबे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी चूक साठली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं! यंत्रणा भलत्याच जागी शोधत राहिली. अठ्ठावीस सैनिक गेले.

आमचा उपाय तिसरीतल्या भागाकाराचा. पूर्ण रुपयेच वाटायचे, बाकी पुढच्या महिन्यात ओढायची. पहिल्या महिन्यात प्रत्येकी ९१, बाकी आठ. दुसऱ्यात ९२, बाकी चार. तिसऱ्यात ९२, बाकी शून्य! अशा पूर्ण आकड्यांत संगणक रुपयाही चुकत नाही. (६१७४ वाले आपले देवळालीचे कापरेकर मास्तर उगीच नाही जन्मभर पूर्णांकांशी खेळले!)

पन्नासची नोट परत केली. प्रत्येकीने जास्तीचे आलेले अठ्ठेचाळीसातले आपले चार रुपये पेटीत टाकले. खजिनदारबाईंनी सर्वांत आधी. वही मात्र आता संगणकाशेजारी पुन्हा उघडली आहे, बरं का!