नदी कोठून मोजावी?

जगांतील सर्वांत लांब नदी कोणती, असें विचारलें तर शाळेंतील मुलगाही क्षणाचा विलंब न लावतां ‘नाईल’ असें उत्तर देतो. तिच्या खालोखाल दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉन, मग चीनमधील यांगत्से आणि नंतर उत्तर अमेरिकेंतील मिसिसिपी-मिसूरी, हा क्रमही त्याला पाठ असतो. भूगोलाच्या पुस्तकांत ह्या नद्यांपुढें सुमारें ६,६५०, ६,४००, ६,३०० आणि ६,००० किलोमीटर असे आंकडे दिलेले असतात. आंकडा छापलेला दिसला कीं तो निश्चित असला पाहिजे, असा वाचकाचा सहज समज होतो. ह्या बाबतींत मात्र तो समज टिकत नाहीं. २००८ सालीं ब्राझीलच्या अंतराळ-संशोधन संस्थेनें उपग्रहांनीं टिपलेल्या चित्रांवरून मापें घेतलीं आणि अॅमेझॉन ६,९९२ किलोमीटर व नाईल ६,८५३ किलोमीटर लांब आहे असें जाहीर केलें. पुढच्याच वर्षीं चिनी संशोधकांनीं तशाच साधनांनीं नाईल ७,०८८ आणि अॅमेझॉन ६,५७५ किलोमीटर भरते असें दाखविलें. नद्या त्याच, साधनेंही तींच, तरी उत्तरांत शेंकडों किलोमीटरांची तफावत! ही तफावत कोणाच्या हिशेबाच्या चुकीनें पडलेली नाहीं. नदी म्हणजे नेमकें काय, ह्या प्रश्नाच्या पोटांतच ती दडलेली आहे.

रस्त्याची लांबी मोजणें सोपें असतें, कारण त्याचीं दोन्ही टोकें माणसानेंच ठरविलेलीं असतात. नदीचें तसें नाहीं. ती कोठें संपते, कोणत्या वाटेनें वाहते आणि कोठें सुरू होते, ह्या तीन गोष्टी आधीं ठरवाव्या लागतात. शेवटापासूनच आरंभ केला तर अॅमेझॉनच्या मुखाशीं माराजो नांवाचें एक बेट आहे, आणि त्याचा विस्तार जवळजवळ स्वित्झर्लंड देशाएवढा आहे. नदीचें मुख्य पाणी बेटाच्या उत्तरेकडून समुद्राला मिळतें; कांहीं पाणी दक्षिणेकडे वळसा घेऊन पारा नदीच्या रुंद खाडींत उतरतें. मोजणाराची रेघ कोणत्या बाजूनें गेली त्यावर लांबी वाढते किंवा घटते. शिवाय खाडीला नदी म्हणावें कीं समुद्र, हें सांगणारी रेषा निसर्गानें कोठेंही आंखून ठेवलेली नाहीं.

वाटेची अडचण वळणांची आहे. नकाशा जितका बारीक तपशिलाचा, तितकीं वळणें अधिक दिसतात आणि तितकी नदी अधिक लांब भरते. त्यांतून वळणें कायमचीं राहत नाहींत. सपाट प्रदेशांत नदी पुराच्या जोरावर आपलें वळण आपणच तोडते आणि सरळ मार्ग धरते. कांहीं वेळां माणूसही तें काम करतो. पुराचें पाणी लवकर निघून जावें म्हणून १९३० नंतरच्या दहाबारा वर्षांत अमेरिकन इंजिनियरांनीं खालच्या मिसिसिपीचीं वळणें तोडून ती नदी सुमारें दीडशें मैलांनीं आंखूड केली. नाईलवर आस्वानचें उंच धरण १९७० सालीं पुरें झालें. त्याच्यामागें सुमारें ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला आणि नदीचें जुनें पात्र वळणांसह त्याच्या तळाशीं गेलें.

परंतु सर्वांत मोठा वाद आहे तो उगमाचा. मुखापासून वाहत्या पाण्याच्या वाटेनें जो बिंदु सर्वांत दूर, तो उगम, असा भूगोलशास्त्राचा सर्वसाधारण नियम आहे. लोकांचा नियम त्याहून निराळा असतो. गंगेचा उगम म्हणून भाविक गोमुखाकडे जातो. पण देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा ह्यांचा संगम होतो, तेथें अधिक पाणी घेऊन येते ती अलकनंदा. अमेरिकेंत सेंट लुई शहराच्या वरच्या अंगाला मिसूरी नदी मिसिसिपीला मिळते. तोंवर मिसूरीनें ३,७०० किलोमीटरांहून अधिक वाट चाललेली असते, मिसिसिपीनें त्याहून पुष्कळच कमी. तरी संगमानंतर नांव उरतें तें मिसिसिपीचें. म्हणूनच लांबीच्या यादींत त्या नदीला जोडनांव द्यावें लागतें. चीनमध्यें प्राचीन ग्रंथांच्या आधारें मिन नदी हाच यांगत्सेचा मूळ प्रवाह मानीत असत. पश्चिमेकडून येणारी जिन्शा नदी अधिक लांब आहे, तेव्हां उगम तिकडे शोधला पाहिजे, असें सतराव्या शतकांत शू शियाखे ह्या प्रवाशानें प्रतिपादिलें. तिबेटच्या पठारावरील हिमनद्यांपर्यंत तो शोध नेऊन पुरा करण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

ह्या सर्व उगमांत नाईलच्या उगमाची कथा सर्वांत जुनी आणि सर्वांत उद्बोधक आहे. इजिप्तमध्यें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. तरी ऐन उन्हाळ्यांत नाईलला पूर येई आणि शेतांवर काळ्या गाळाचा थर पसरून जाई. हें पाणी येतें कोठून, हा प्रश्न ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ह्यानें ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत विचारला. रोमन बादशहा नीरो ह्यानें पाठविलेलीं माणसें नदीकाठानें दक्षिणेकडे गेलीं आणि पाणवनस्पतींनीं भरलेल्या अफाट दलदलीपाशीं अडलीं. दक्षिण सूदान देशांतील ह्या दलदलीला ‘सद्द’ म्हणतात. अरबी भाषेंत त्या शब्दाचा अर्थच अडथळा असा आहे.

खार्टूम येथें नाईलच्या दोन शाखा एकत्र येतात. इथिओपियाच्या पहाडांतून निळी नाईल येते आणि दक्षिणेकडून श्वेत नाईल येते. निळ्या नाईलच्या उगमाशीं प्रथम पोंचलेला युरोपियन पेद्रो पाएझ हा गोव्याहून निघालेला जेझुइट धर्मोपदेशक होता. १५८९ सालीं त्यानें गोवा सोडलें. वाटेंत अरबस्तानच्या किनाऱ्यावर तो पकडला गेला आणि येमेनमध्यें कैदेंत पडला. सुटका झाल्यावर तो गोव्याला परतला, पुन्हां निघाला आणि १६०३ सालीं इथिओपियांत पोंचला. ताना सरोवराच्या दक्षिणेस असलेला तो झरा त्यानें १६१८ सालीं पाहिला. त्यानंतर दीडशें वर्षांनीं, १७७० सालीं, जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी त्याच झऱ्याशीं उभा राहिला आणि नाईलचा उगम आपणच प्रथम पाहिला असें मानूं लागला.

पुढें लांबीचा निकष पुढें आला आणि मान दुसऱ्या शाखेकडे गेला. १८५८ सालीं जॉन स्पीक हा इंग्रज अधिकारी एका विस्तीर्ण सरोवराच्या दक्षिण तीरावर पोंचला. आपल्या राणीचें व्हिक्टोरिया हें नांव त्यानें त्याला दिलें आणि नाईल येथूनच निघते असा दावा केला. आजारपणामुळें मागें राहिलेला त्याचा सहप्रवासी रिचर्ड बर्टन ह्यानें तो मानला नाहीं. स्पीकनें पुन्हां जाऊन १८६२ सालीं सरोवराच्या उत्तर टोकाशीं नदी बाहेर पडतांना पाहिली. तरीही शंका मिटेनात. १८६४ च्या सप्टेंबरांत बाथ शहरीं दोघांचा जाहीर वादविवाद ठरला होता; त्याच्या आदल्याच दिवशीं शिकारीच्या वेळीं स्वतःच्या बंदुकीची गोळी लागून स्पीक मरण पावला. १८७५ सालीं स्टॅन्ले ह्यानें सरोवराला प्रदक्षिणा घातली, तेव्हां स्पीकचें म्हणणें खरें ठरलें.

पण सरोवर हा तरी उगम कसा? त्याच्यांतही नद्या येऊन मिळतात. त्यांपैकीं सर्वांत मोठी कागेरा, आणि तिच्या शाखा बुरुंडी व रुआंडा ह्या देशांतील डोंगरांत उगम पावतात. त्यांतील सर्वांत दूरचा झरा कोणता, ह्याविषयीं दोन्ही देशांतील स्थळें पुढें केलीं जातात. नाईल सरोवरापासून मोजली कीं ह्या झऱ्यांपासून, एवढ्यानेंच शेंकडों किलोमीटरांचा फरक पडतो. अॅमेझॉनचीही हीच स्थिति आहे. १९७१ पासून पेरू देशांतील मिस्मी ह्या हिमशिखराचा उतार तिचा सर्वांत दूरचा उगम मानला जात आला. २०१४ सालीं मांतारो नदीचें मूळ त्याहून दूर असल्याचें प्रतिपादन झालें. पण मांतारोचें पाणी धरणानें वळविल्यामुळें वर्षांतील कांहीं महिने तिच्या पात्राचा एक भाग कोरडा असतो. कोरड्या पात्रांतून नदीची रेघ ओढावी काय, हा नवा वाद त्यांतून निघाला.

येथवर हा प्रश्न केवळ पंडितांचा वाटण्याचा संभव आहे. परंतु लांबीवरून पाण्याचा बोध होत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें गांभीर्य कळूं लागतें. लांबींत नाईलशीं स्पर्धा करणारी अॅमेझॉन दर सेकंदाला सुमारें दोन लक्ष घनमीटर पाणी समुद्रांत ओतते. जगांतील सर्व नद्या मिळून समुद्राला जें पाणी देतात त्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा तिच्या एकटीचा असतो. नाईलचा नैसर्गिक प्रवाह सेकंदाला सरासरी ३,००० घनमीटरांहूनही कमी. आणि हें थोडकें पाणी तरी सर्वांत लांबच्या शाखेचें आहे काय? श्वेत नाईलचें जवळजवळ निम्में पाणी सद्दच्या दलदलींत बाष्परूपानें उडून जातें. इजिप्तला पोंचणाऱ्या पाण्यापैकीं शेंकडा सुमारें ८५ भाग इथिओपियाच्या पहाडांवरील पावसाचा असतो. लांबीचा मान एका प्रदेशाला मिळाला आहे. पाणी मात्र दुसऱ्याच प्रदेशाचें आहे.

ह्या विसंगतीवर आज अनेक कोटि लोकांचें जीवन अवलंबून आहे. १९५९ सालीं इजिप्त आणि सूदान ह्यांनीं नाईलच्या पाण्याची वांटणी करार करून ठरविली. वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर इजिप्तला आणि १८.५ अब्ज घनमीटर सूदानला, असे वांटे पडले. नाईलचें खोरें अकरा देशांत पसरलेलें आहे, परंतु त्या करारांत इतर कोणाचाही वांटा नव्हता. बहुतेक पाणी पुरविणाऱ्या इथिओपियाचाही नव्हता. २०११ सालीं इथिओपियानें निळ्या नाईलवर सूदानच्या सरहद्दीजवळ प्रचंड धरणाचें काम सुरू केलें. ७४ अब्ज घनमीटर पाणी सांठविणाऱ्या ह्या धरणाचें उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरांत झालें. आपल्या पहाडांवर पडणाऱ्या पावसापासून आपल्या घरांत वीज यावी, हें इथिओपियाचें म्हणणें. अवर्षणाच्या वर्षीं वरून पाणी अडलें तर आपल्या शेतांनीं जगावें कसें, हा इजिप्तचा प्रश्न. दोघांचेंही म्हणणें निराधार नाहीं, आणि म्हणूनच तें मिटविणें कठीण झालें आहे.

शाळेंतील मुलाचें उत्तर चूक नाहीं. रूढ मापांप्रमाणें नाईलच पहिली येते आणि पुस्तकांत बहुधा ती तशीच राहील. मात्र त्या उत्तराबरोबर ती कोठून मोजली आणि तिचें पाणी कोठून आलें, हे दोन प्रश्न त्याला शिकविले पाहिजेत. इजिप्तमधील शेतकरी कालव्याचें दार उघडून जें पाणी शेतांत घेतो, त्यांतील बहुतेक पाणी त्यानें कधींही न पाहिलेल्या डोंगरांवर पाऊस होऊन पडलेलें असतें. नकाशावर ओढलेल्या सर्वांत लांब रेघेंत तो डोंगर येत नाहीं. त्याच्या शेतांत मात्र तो रोज येतो.