सामाईक गच्चीवरील बाग

सहकारी गृहरचना संस्थेंत बागेवरून तंटा होतो तो बहुधा फुलांपायीं नव्हे, पाण्यापायीं. वर जास्वंदीला घातलेलें पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून पाझरूं लागलें, म्हणजे तिच्या फुलांचें कौतुक कोण करणार? गच्ची सर्वांची, तेव्हां आरंभ बियाण्यापासून न करितां शेजाऱ्यांच्या संमतीपासून करावा, असें आम्हांस वाटतें.

दुसरा प्रश्न वजनाचा. एक घनफूट ओली माती सुमारें ५० किलो भरते. तेवढ्या मापाच्या २० कुंड्या म्हणजे छपरावर टनभर ओझें झालें! (हा हिशेब घरांतील शाळकरी मुलांनीं अवश्य करून पाहावा.) यावर तोड पालापाचोळ्याची. कुजलेला पाला, भाजीचे देठ, फळांच्या साली आणि माती थोडकीच, असा भराव हलका असून ओलही धरून ठेवितो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनीं अशा शहरी शेतीचा हिरिरीनें पुरस्कार केला. भराव कुजून खालीं बसत जातो. वरून नवा पाला घालीत राहावें.

वांगीं-टोमॅटोंस निदान सहा तास ऊन हवें. सावलीच्या सज्जांत अळू, पुदिना लावावा. कुंड्या विटांवर ठेवाव्या, म्हणजे खालची फरशी वाळते आणि ओल कोठें मुरते तें वेळींच दिसतें. सकाळचें पाणी आजोबांकडे सोंपवावें. त्यांच्या नजरेंतून पिवळें पान सुटत नाहीं. मात्र मृगापूर्वीं गच्चीचीं पाण्याचीं तोंडें घरांतील तरुणांनींच साफ करावीं. तेथें अडकलेला पाला आपल्याच कुंड्यांतला असतो.