आधी तिथी, मग तिकीट

समुद्रकिनारी सहलीला जायचं ठरलं की आपण आधी काय बघतो? साहेब रजा देतात का, मुलांच्या परीक्षा कधी संपतात आणि गाडीचं आरक्षण मिळतंय का. मीही अनेक वर्षं तेच करत होतो. आता मात्र मालवणला जायचं म्हटलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढतो आणि तिथी पाहतो. तुम्ही म्हणाल, हे काय, मुहूर्त काढायचाय का? हो, मुहूर्तच, पण पाण्याचा.

त्याची हकिगत अशी. एका दिवाळीत भाऊबीज उरकून रात्रीच्या गाडीनं आम्ही सगळे निघालो. सकाळी कुडाळला उतरलो, तिथून मालवण, पुढे तारकर्ली आणि देवबाग. माशांचं जेवण झालं, घटकाभर लवंडलो आणि चारच्या सुमारास पाण्यात उतरलो. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. पाणी कसं तळ्यासारखं दिसत होतं. धाकटा भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभा होता. बघता बघता त्याच्या पायाखालची वाळू सरकली आणि तो सरळ नदीच्या मुखाकडे वाहू लागला. काठावर जाळं सांधत बसलेल्या दोघांनी होडी घातली, म्हणून तो हाती लागला. त्यातले वयस्कर काका एवढंच म्हणाले, "पाणी सुकतीक लागला. तिथी बघूक नाय?"

सुकती म्हणजे ओहोटी. त्या रात्री काकांनी आम्हाला कोकणातला जुना हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्याचंच हे सोपं गणित. गावागणिक अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, तेवढं स्थानिकांना विचारून घ्यावं. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

आता आमची चूक बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण; आणि ते पुढे दोन-तीन दिवस टिकतं. आम्ही उतरलो तृतीयेला. भरती सव्वादोनला संपलेली, चार वाजता ओहोटी जोरात, त्यात नदीचं पाणीही बाहेर निघालेलं. दिवाळीच्या सुट्टीत किनारे फुलतात ते नेमके याच दिवसांत, आणि माणसं पाण्यात शिरतात ती जेवण झाल्यावर!

म्हणून घरच्या मंडळींना घेऊन जायचं तर मी सप्तमी-अष्टमी-नवमी निवडतो. तेव्हा भांगाची भरती असते, चढउतार कमी. अष्टमीला दुपारी बारानंतर पाणी हळूहळू चढत जातं आणि संध्याकाळी सहाला भरतं. तरीही संगमापाशी उतरायचं नाही. लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावर मधेच एखादा पट्टा शांत दिसला तर तो टाळायचा; पाणी बहुधा तिथूनच परत आत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, आडवे पोहत बाहेर पडा.

तिथी ठरली की बाकीचं सोपं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, तेव्हा कॅलेंडर त्याआधीच बघावं. सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच करावा, उन्हात तटावर फिरवत नाही. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी; मुलांना तटबंदीपेक्षा याचंच नवल जास्त. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. दुपारी धामापूरचा तलाव बघावा, तिथं सावली आहे.

जेवणाचं म्हणाल तर घरगुती खानावळीत आदल्या रात्री सांगून ठेवावं. फलकावर काय लिहिलंय ते वाचत बसू नये, "आज काय गावला?" म्हणून विचारावं. "सुरमय नाय, बांगडो ताजो आसा," असं उत्तर आलं तर खुशाल बांगडा घ्यावा. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि वर सोलकढी, मग सुरमईची आठवणही येत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. मालवणी खाजं मात्र बारा महिने मिळतं.

यंदा भावाचाच फोन आला. "दादा, सप्तमीचं तिकीट काढलंय," म्हणाला, "दुपारचं पाणी भरतीचं आहे, मी हिशेब केलाय."