पुठ्ठ्याच्या आड

२० नोव्हेंबर २०२४. सकाळचे सहा वाजत आलेत, बाहेर धुकं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला तिसरीचा वर्ग आज मतदान केंद्र आहे. एरवी अशाच एका वर्गात पाढे घेणारा मी, आज इथला केंद्राध्यक्ष. रात्री आम्ही इथेच, सतरंजीवर झोपलो. आता भिंतीवरच्या बाराखडीखाली यंत्रं मांडून झालीत. कोपऱ्यात एका बाकावर तीन बाजूंनी पुठ्ठा उभा केलाय. त्याच्यामागच्या खिडकीला माझा सहकारी वर्तमानपत्र चिकटवतोय. बाहेरून कुणाची नजर आत पोचता कामा नये.

अभिरूप मतदान आटोपतं. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास मतं टाकून, मोजून, पुसून टाकतो आणि यंत्राला सील लावतो. मग लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मोठ्याने वाचून दाखवतो: मताची गुप्तता मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. प्रतिनिधी माना डोलावतात. त्यांना हे पाठ आहे. मला मात्र दर निवडणुकीत हे वाचताना आवाज जरा चढवावासा वाटतो.

सात वाजता दार उघडतं. दोन रांगा, एक बायकांची, एक पुरुषांची. पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र पाहतो, अनुक्रमांक आणि नाव खड्या आवाजात पुकारतो. प्रतिनिधी आपापल्या यादीवर रेघ मारतात. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं बटण दाबतो. मतदार पुठ्ठ्याआड जातो, पीऽऽप असा लांब आवाज येतो, आणि पुढचं नाव पुकारलं जातं.

दहाच्या सुमारास एक आजी येतात. नऊवारी, हातात काठी, मागे मुलगा. अधिकारी नाव पुकारतो. ते मी इथे लिहीत नाही. प्रतिनिधी एकमेकांकडे बघतात.

"कोण रं ही?"

"आरं, आपल्या तात्याची आय न्हाई का!"

साठ-पासष्ट वर्षं या गावात राहिलेल्या बाईचं नाव गावाला ठाऊक नाही. ते फक्त यादीला ठाऊक आहे.

मला १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची वाचलेली हकीकत आठवते. मतदार याद्या तयार होत असताना बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांतल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की ज्या बाईला नाव नाही तिला मत नाही. सुमारे २८ लाख बायकांची नोंद यादीतून गेली. तो निर्णय कठोर होता आणि योग्यही होता. नाव लपवणं आणि नाव नसणं यांत मोठं अंतर आहे. ज्या बाईला नावच मिळालेलं नाही, तिने लपवायचं तरी काय? आधी माणूस म्हणून तुमची नोंद हवी. मगच निनावी होण्याचा हक्क हाती येतो.

शाई लागते. आजी पुठ्ठ्याकडे निघतात. मुलगाही निघतो.

"दादा, तुम्ही थांबा."

"सर, आय येकली कशी जाईल? तिला काय कळतंय त्यातलं? बटण मी दाबतो की."

नियम मला माहीत आहे. ज्याला दिसत नाही किंवा अपंगत्वामुळे बटण दाबता येत नाही, त्यालाच सोबती नेता येतो. त्या सोबत्यालाही गुप्तता पाळण्याचं लेखी द्यावं लागतं. मी आजींनाच विचारतो, "आजी, दिसतं ना नीट?"

"दिसतंय की. तांदळातला खडा निवडती अजून."

मुलगा दारापाशी थांबतो. आजी आत जातात. आवाज येत नाही. अर्धं मिनिट जातं. रांग चुळबुळते. मुलगा मान उंचावून म्हणतो, "आये, त्ये वरनं दुसरं..." मी हात वर करून त्याला गप्प करतो. पुठ्ठ्याखाली आजींची फक्त पावलं दिसतात. टाचांना भेगा, बोटांत जोडवी. बाकी कुणालाच काही दिसत नाही. मला नाही, प्रतिनिधींना नाही, लेकालाही नाही.

पीऽऽप.

 शेजारच्या यंत्राच्या काचेत मताची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग खाली पेटीत पडते. ती पडेपर्यंत त्या थांबल्यात. मग पदर सावरत बाहेर येतात. दारातच लेक विचारतो, "कुणाला दिलंस?"

"आत म्या येकलीच हुते. तुला कशापायी सांगू?"

ती चिठ्ठी पेटीत पडली, तिच्यावर चिन्ह आहे, नाव आहे, पण ते उमेदवाराचं. आजींचं नाव तिच्यावर कुठेच नाही. घरात, भावकीत, शिवारात ज्यांचा शब्द कधी मोजला गेला नसेल, त्यांचं मत आज गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदाराच्या मताइतकंच भरतं. एवढी बरोबरी नाव लावून झाली नसती.

दुपारी एक तरुण खिशात मोबाइल घेऊन शिरतो. मी अडवतो. "फोटो काढायचा होता का?" तो खाली बघतो. "दाखवायचा हुता एकाला, सर." मोबाइल बाहेर ठेवून तो परत येतो. जाताना त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसतो. आता तो त्या 'एकाला' सांगू शकतो की मास्तरांनी फोन नेऊ दिला नाही. आपलं मत इतरांना दिसू नये, एवढ्याने भागत नाही. ते आपल्यालाही कुणाला दाखवता येऊ नये. पुरावा देता येत नाही, म्हणूनच विकत घेणाऱ्याला खात्री मिळत नाही आणि धमकावणाऱ्याला हिशेब मागता येत नाही.

सहा वाजतात. रांगेतले शेवटचे मतदार मतं देतात आणि मी 'क्लोज' दाबतो. एकूण मतांचा आकडा प्रतिनिधींना लिहून देतो. तो खिशात घालताना एक जण दुसऱ्याला म्हणतो, "तेवीस तारखेला कळंल, या वाडीनं काय केलं ते."

माझा हात थबकतो, कारण तो खरं बोलतोय. मोजणी केंद्रनिहाय होते. नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राची मतं वेगळी छापली जातात. आजींचं मत झाकलेलं राहील, पण वाडीचं उघडं पडेल, आणि रस्ता, पाणी, टँकर वाडीलाच लागतात. मतपत्रिकांच्या काळात १९६१ च्या निवडणूक नियमांतला ५९अ हा नियम होता. त्यानुसार निवडणूक आयोगाला अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायला सांगता येत असे. यंत्रं आली आणि ती सोय मागे पडली. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानेही २०१५ च्या २५५व्या अहवालात शिफारस केली. तरी आजही मोजणी केंद्रनिहायच आहे.

यंत्राच्या पेट्या गाडीत चढतात. वर्गात मी एकटाच उरतो, पुठ्ठ्याची घडी घालतो. चार आण्यांची वस्तू, पण दिवसभर एका अख्ख्या गावाला तिने आडोसा दिला. हा आडोसा एकेका माणसापुरता न ठेवता वाडीवस्तीलाही मिळाला पाहिजे. मोजणीत केंद्रांची मतं मिसळा, ही मागणी आता आपण मतदारांनीच लावून धरली पाहिजे.