स्पर्शपटल, धारितीय

स्पर्शपटल, धारितीय : बोटाच्या सान्निध्यामुळे विद्युत् धारितेत होणारा बदल मोजून स्पर्शाचे स्थान ठरविणारे पारदर्शक साधन. व्यवहारात यास ‘टचस्क्रीन’ म्हणतात. माल्व्हर्न (इंग्लंड) येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये अशा पटलाची कल्पना मांडली. विमान वाहतुकीचे नियंत्रण हा तिचा एक अपेक्षित उपयोग होता. जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी १९७०–८० या दशकात विकसित केलेली पटले तेथील सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धकाच्या नियंत्रण कक्षात वापरण्यात आली. २००७ मध्ये आयफोन बाजारात आल्यानंतर या पटलांचा प्रसार झपाट्याने झाला.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून करण्याची पद्धत रूढ झाली. खरिपाची ही नोंद ऐन पावसाळ्यात, ओल्या व मातीने माखलेल्या हातांनी करावी लागते. त्यामुळे स्पर्शपटलाची अचूकता हा केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

कार्यतत्त्व : काचेच्या आतील बाजूस इंडियम टिन ऑक्साइडासारख्या पारदर्शक संवाहकाच्या आडव्या व उभ्या पट्ट्या बसविलेल्या असतात. आडव्या पट्टीला प्रत्यावर्ती विद्युत् दाब दिला असता तिच्या व उभ्या पट्टीच्या छेदस्थानी विद्युत् क्षेत्र निर्माण होते. मानवी शरीर संवाहक असल्याने बोट जवळ येताच या क्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो व दोन पट्ट्यांमधील अन्योन्य धारिता घटते. ही धारिता मुळातच सामान्यतः काही पिकोफॅराड (१ पिकोफॅराड = फॅराडचा एक महापद्मांश, म्हणजे १०<sup>-१२</sup> भाग) इतकी अल्प असते आणि स्पर्शाने होणारा बदल हा तिचाही एक अंश असतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक पट्टीची स्वतःची धारिता मोजतात. ती स्पर्शाने वाढते. मात्र या पद्धतीत दोन बोटे एकाच वेळी टेकल्यास दोन खऱ्या स्थानांबरोबर दोन आभासी स्थानेही दिसू शकतात. [⟶ विद्युत् धारित्र].

स्थाननिश्चिती : पट्ट्यांमधील अंतर सामान्यतः ४ ते ६ मिमी. असते, तरी स्थान १ मिमी.पेक्षा कमी त्रुटीने काढता येते. बोटाचा परिणाम शेजारच्या पट्ट्यांवरही होतो व त्यांच्या संकेतांचा भारित मध्य काढला जातो. उदा., १०, १५ व २० मिमी. अंतरांवरील पट्ट्यांचे संकेत अनुक्रमे २०, ६० व ४० असतील, तर स्थान (२०० + ९०० + ८००) ÷ १२० म्हणजे सुमारे १५·८ मिमी. येते. पटलाच्या कडेला बोटाचा काही भाग पट्ट्यांच्या बाहेर राहतो; त्या बाजूचा संकेत न मिळाल्याने काढलेला मध्य आतल्या बाजूस सरकतो. म्हणून कडेच्या पट्ट्यांसाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते.

त्रुटी व उपाय : अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील घरात प्रभारकाला (चार्जरला) जोडलेला भ्रमणध्वनी आणि त्याच जिल्ह्यातील शेतात पावसात उघडलेला भ्रमणध्वनी चुकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. सदोष प्रभारकामुळे उपकरणाचा विद्युत् दाब जमिनीच्या सापेक्ष हेलकावे घेतो आणि हा गोंगाट बोटावाटेच पटलात शिरतो. म्हणजे जेथे मापन करावयाचे, नेमक्या तेथेच तो तीव्र असतो. यावर उपाय म्हणजे गोंगाट कमी असलेली कंप्रता निवडणे व अनेक मापनांची सरासरी घेणे. यादृच्छिक गोंगाट १६ मापनांच्या सरासरीने एक चतुर्थांश होतो. मात्र सरासरीस वेळ लागतो : बोट सेकंदास १०० मिमी. वेगाने सरकत असेल, तर १० मिलिसेकंदांच्या विलंबाने १ मिमी.ची चूक होते. येथे स्थैर्य व तत्परता यांत तडजोड अटळ असते.

पाण्याचा सुटा थेंब अन्योन्य धारिता घटविण्याऐवजी वाढवितो, म्हणून चिन्हावरून तो ओळखता येतो. परंतु तोच थेंब बोटाला किंवा धातूच्या चौकटीला चिकटला, की बोटासारखा वागतो. यासाठी आजूबाजूच्या पट्ट्यांना समान विद्युत् दाब देऊन स्वधारिता मोजतात. त्या मापनात सुटे पाणी जवळजवळ दिसत नाही. दोन्ही मापने जुळतील तोच स्पर्श खरा मानतात.

तापमानानुसार मूळ धारिता हळूहळू बदलते, म्हणून स्पर्श नसतानाचे आधारमूल्य सतत सुधारीत राहावे लागते. उपकरण सुरू होताना बोट पटलावर टेकलेले असेल, तर ते बोटच आधारमूल्यात धरले जाते व काही काळ तेथील स्पर्श उमटत नाही. घट्टे पडलेल्या बोटांत त्वचेचा जाड, कोरडा थर मध्ये आल्याने संकेत क्षीण होतो. संवेदनक्षमता वाढवून तो पकडता येतो, पण त्याबरोबर खोटे स्पर्शही वाढतात.

मर्यादा : विद्युत् मापन अचूक असले, तरी माणूस बोटाचे टोक पाहून नेम धरतो आणि प्रत्यक्षात टेकतो तो बोटाचा मांसल भाग. त्यामुळे बटणे सुमारे ९ मिमी. रुंद असावीत, असा संकेत आहे. देवनागरी कळपटावर एका ओळीत दहा-अकरा कळी बसविताना ही रुंदी मिळत नाही. ही उणीव शब्दसंग्रहाच्या आधारे संभाव्य शब्द निवडून काही अंशी भरून काढतात. परंतु ‘दिन’ व ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्ध असल्याने तेथे हा आधार अपुरा पडतो आणि अंकांना तर शब्दसंग्रहच नसतो. कळपटावर ४ च्या खालीच ७ असतो. ०·४० हेक्टर क्षेत्र ०·७० असे नोंदले गेल्यास ती चूक पकडणारे कोणतेही साधन पटलापाशी नाही. म्हणून अशा नोंदींत अंकांसाठी मोठ्या कळी ठेवणे व नोंद पाठविण्यापूर्वी ती मोठ्या अक्षरांत पुन्हा दाखविणे, हे मापनाच्या अचूकतेइतकेच आवश्यक ठरते.